मोगरीचा पहिला घाव

४ जानेवारी

ताई,

फोनवर बोलायला लागलो की एक तर आपलं भांडण होतं, नाहीतर तू रडतेस. म्हणून पुन्हा पत्र. पत्रात निदान माणसाचं वाक्य पुरं होतं.

बातमी अशी की मी सुतारकाम शिकायला जातो. हसू नकोस. आयुष्यभर दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या केल्या. निवृत्त झालो तरी हात काही गप्प बसेनात. शेवटी तुझी भावजय वैतागली. म्हणाली, "घरात ठोकाठोकी नको. जिथे ठोकायची मुभा आहे तिथे जा." आमच्या वाचनालयाच्या मागे गॅरेजचा जुना गाळा आहे, तिथे बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी हौशी लोकांसाठी वर्ग भरतो. एक निवृत्त हेडमास्तर, एक नर्सबाई, नुकतं लग्न झालेलं एक जोडपं (ते लाकडाकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त बघतं), आणि मी. आतापर्यंत लोकांचे दात बसवले, आता स्टुलाचे पाय बसवतो. दात सोपे होते.

शिकवणारी बाई आहे. बापाचा धंदा तिने उचलला. आवाज असा की चालती करवत थांबावी. तिच्या उजव्या हाताला करंगळी नाही. पहिल्याच दिवशी तो हात सगळ्यांपुढे नाचवून म्हणाली, "लाकूड मेलेलं असतं असं समजू नका. मेलेलं असतं तर त्याने माझं बोट खाल्लं नसतं."

माझ्या समोरच्या बाजूला त्याच बाकावर एक तिशीचा गडी काम करतो. डावखुरा आहे, म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणतात. हौस म्हणून आलेला नाही, त्याला यातून पोट भरायचंय. गेल्या शनिवारी त्याचा सांधा बसेना. खाच मोठी झाली आणि आत घालायचं टोक, ज्याला कुसू म्हणतात, ते नुसतं खुळखुळायला लागलं. त्याने थोडा वेळ बघितलं. मग मोगरी उचलली. मोगरी म्हणजे आमचा लाकडी हातोडा, डोकं नारळाएवढं. आणि ते स्टूल फोडायला लागला, ताई! पाय तुटले तरी थांबेना. तुकड्यांचे तुकडे केले. नर्सबाई भिंतीला चिकटल्या, हेडमास्तर "अहो, अहो" करत राहिले. बाई मात्र हाताची घडी घालून उभ्या. तो थांबल्यावर एवढंच म्हणाल्या, "झालं? आता झाडू घे."

त्याने मुकाट्याने सगळं झाडलं. मला म्हणाला, "काका, घाबरलात?" मी म्हटलं, "मी दातांच्या दवाखान्यात होतो. तिथे याच्याहून मोठा आरडाओरडा व्हायचा." तेव्हा हसला. हसला की त्याचा कान हलतो. अर्धाच कान आहे बिचाऱ्याला, खालची पाळीच नाही.

तूही असं काहीतरी शीक, ताई. तुझ्या लेकाला मारलं त्याला आता आठ वर्षं होत आली. तेव्हापासून तू कापड कापतेस आणि झोपतेस. तिसरं काही करताना मी तुला पाहिलेलं नाही.

तुझा धाकटा


१५ जानेवारी

धाकट्या,

पत्र मिळालं. इथे सगळं तेच. शाळांच्या गणवेशांची कामं आली आहेत, दिवसभर मोठी कात्री हातात असते. अंगठ्याचा घट्टा आता दगडासारखा झालाय.

तुझ्या वर्गाचं वाचून करमणूक झाली. आणखी लिही. त्या डावऱ्याबद्दल लिही. कुठला कान? जन्मापासून तसा आहे की काही झालं होतं? राहतो कुठे, घरी कोण असतं? आधी काय करायचा? तिशीचा म्हणजे नक्की केवढा?

तुला वाटेल, हिला कशाला या चौकशा. घरात बोलायला माणूस नाही रे. तुझ्या पत्रातली माणसं हाच माझा शेजार.

ताई


२३ जानेवारी

ताई,

किती दिवसांनी तू कुणाची तरी चौकशी केलीस! पत्र वाचून दाखवलं तर तुझी भावजय म्हणाली, "वन्सं सावरताहेत."

तर घे, डावऱ्याची सगळी कुंडली. कान डावा. नर्सबाईंनी त्याला सगळ्यांसमोरच विचारलं, त्यांना कसली भीडभाड नाही. तो म्हणाला, "कुत्रा चावला." त्या म्हणाल्या, "मग इंजेक्शनं घेतलीस का?" तर म्हणतो, "कुत्राच मेला. मग इंजेक्शनं कशाला?" आम्ही सगळे हसलो. तो नाही हसला.

वय बत्तीस. रिकाम्या पोत्यांच्या गोदामामागे एका खोलीत थोरल्या भावाबरोबर राहतो. भावाला एका डोळ्याने दिसत नाही, त्यामुळे स्वयंपाक हाच करतो. आधी काय करायचास विचारलं तर "बाहेर होतो" म्हणाला. मी जास्त उकरलं नाही.

रागीट आहे, पण मनाने वाईट नसावा. बुधवारी माझी पटाशी सटकली. पटाशी म्हणजे खाच कोरायचं चपटं हत्यार, धार वस्तऱ्यासारखी. ती सरळ अंगठ्याच्या मुळात घुसली. रक्ताची चिळकांडी उडाली ती हेडमास्तरांच्या चष्म्यावर. ते जागीच बसले. डावऱ्याने झटकन माझा हात वर धरला, रुमाल करकचून बांधला आणि म्हणाला, "खाली बघू नका काका, माझ्याकडे बघा." रक्ताची त्याला सवय असावी. तीन टाके पडले. पण जखम भरते आहे, काळजी नको.

तुझा धाकटा


३१ जानेवारी

धाकट्या,

तो कुत्रा माझा लेक होता.

नीट बसून वाच. भावजयीला वाचून दाखवू नकोस.

तू तेव्हा छातीच्या ऑपरेशनने पडून होतास. कोर्टात एक दिवसही येऊ शकला नाहीस, त्याबद्दल मी तुला कधी बोल लावला नाही. मी एकटी जाऊन बसायचे. समोर तो बसलेला. त्याची पाठ, आणि डाव्या कानावरची पट्टी. पुढे पट्टी निघाली आणि अर्धा कान दिसायला लागला. त्या कानाकडे बघत मी दिवसच्या दिवस काढलेत. जगात अर्ध्या कानाचे असतील शंभर. पण डावखुरा, अर्ध्या कानाचा आणि भाऊ एका डोळ्याने आंधळा, असा एकच.

पेट्रोल पंपावर, भर दुपारी, लोकांसमोर त्याने माझ्या लेकाला मारलं. स्क्रू-ड्रायव्हरने. डॉक्टर कोर्टात म्हणाले, वार डाव्या हाताचे, खालून वर, बरगड्यांच्या मधून. एक फुप्फुसात, दोन काळजात. आणि म्हणाले, मयताच्या दातांत कानाचा तुकडा होता. तू जन्मभर दातांचं काम केलंस ना? मग तुला कळेल, मरता मरता माणूस दात किती घट्ट मिटतो ते.

तो सुटला हे मला माहीत होतं. कुठे गेला हे कुणी सांगत नव्हतं. आणि तो तुझ्यासमोर उभा राहून रंधा मारतोय! तुला काका म्हणतो! तुझं रक्त पुसतो!

आता ऐक. तुझ्या हातात पटाशी असते. तो खाली वाकलेला असतो. शिकाऊ माणसाचा हात सटकतो, आत्ताच सटकला होता, सगळ्यांनी बघितलंय. तुझ्यावर कोण संशय घेणार? मानेत, कानाखाली. तुझा हात कचरला तर तो मामाचा हात नाही असं समजेन.

माझ्या लेकाला सायकल तू शिकवलीस. पडला तेव्हा त्याचे गुडघे तू धुतलेस. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मागते.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग होता. गेलो.

बाईंनी त्या दिवशी धार लावायला बसवलं होतं. दगडावर पटाशी घासायची आणि मनगटावरचे केस कापून बघायचे. माझ्या पटाशीने केस असे कापले की कळलं पण नाही. बाई म्हणाल्या, "वा, आज हात बसला." मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मला त्याला मारायचं होतं. मी बाकाला वळसा घालून त्याच्या मागे गेलो. तो फळीवर वाकला होता. मानेवर घाम, कानाखाली एक शीर उडत होती, आणि मी पटाशी मुठीत उलटी धरली. आपला पोर डोळ्यांसमोर होता. गुडघे सोललेला, सायकल टाकून पळत येणारा.

डावऱ्या मान न वळवता म्हणाला, "काका, जरा हे टोक धरा."

आणि मी धरलं, ताई. दुसऱ्या हाताने. त्याची फळी कापून होईपर्यंत धरून उभा राहिलो.

वर्ग सुटल्यावर सायकलींपाशी त्याला गाठलं. म्हटलं, "कान कुणी तोडला तुझा?" त्याने माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "तुम्ही त्याचे कोण?"

"मामा."

त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. म्हणाला, "आत्ता मारणार, की सांगू काय झालं ते?"

त्याने सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो. रांगेवरून वाद झाला. आपल्या पोराने आणि त्याच्या दोन दोस्तांनी डावऱ्याच्या भावाला मोटरसायकलवरून खाली ओढलं. दोघांनी धरला आणि आपल्या पोराने सायकलच्या चेनने मारला. चेन डोळ्यावर बसली. डावऱ्या मध्ये पडला तेव्हा आपल्या पोराने त्याचा कान धरला दातांत. पंक्चरवाल्याची पेटी तिथे उघडी होती. "एका घावात भाऊ सुटला असता, काका," तो म्हणाला. "तुमचा भाचा पहिल्याच घावाला मागे झाला होता. मी थांबलो नाही. पुढचे घाव माझ्या मनाचे. शिक्षा मी त्यांची भोगली, असं मी समजतो."

माझी माफी मागितली नाही त्याने. पिशवी उचलली आणि गेला.

ताई, तू मला आठ वर्षं सांगितलंस की विनाकारण मारलं, पाठीमागून मारलं. चेन होती का? कोर्टात तू रोज बसलीस. तू ऐकलं असशीलच. हो की नाही, एवढंच लिही.

मी त्याला मारणार नाही.

तुझा धाकटा


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तो बोलला आणि तू ऐकलंस! मेलेला बोलत नाही, म्हणून जिवंताचं ते खरं!

चेन होती की नव्हती याने काय होणार? चेन होती म्हणून माझा लेक कमी मेला का? तुला हो की नाही हवं. मला माझं पोर हवं. दोघांनाही मिळणार नाही.

काय म्हणालास, टोक धरलंस? शाबास. आपल्या आईने तुला दूध पाजलं की पाणी, ते तिलाच विचारायला हवं होतं. तुझी पटाशी लाकडासाठी ठेव. माझ्याकडे माझी कात्री आहे. इतकी वर्षं कापडाचे थरावर थर एका दाबात कापत आले. त्याच्या अंगावर थर तो कितीसा!

वर्ग कुठे आणि कधी असतो ते तूच लिहिलं आहेस. मी येते. दारात आडवा येऊ नकोस, आलास तर तुलाही बाजूला करीन. लहानपणी तुला मारताना माझा हात कधी कचरला नव्हता, हे तुला आठवत असेल.

ताई


२६ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र मी लिहिते आहे, कारण हे कोठडीत आहेत. एकसष्टाव्या वर्षी, छातीवर टाके असलेला माणूस, फरशीवर बसून आहे. तुम्ही तिकडे तुमच्या घरी पोहोचला असाल. चहा घेतलात का?

मी तिथे नव्हते. नर्सबाईंनी सांगितलं तेवढं मला माहीत आहे, आणि तुम्ही काय केलंत ते मला तुमच्या तोंडावर लिहायचं आहे. तुम्ही गाळ्यात शिरलात तेव्हा सुतारबाईंना वाटलं, नवी बाई शिकायला आली. "या, चप्पल राहू द्या, खाली खिळे आहेत," म्हणाल्या त्या. तुम्ही येताय हे पत्र ह्यांना अजून मिळालं नव्हतं; ह्यांनी वर बघितलं आणि "ताई" म्हणून हाक मारली. तोवर तुम्ही पिशवीतून कात्री काढून त्या पोराच्या खांद्यात खुपसली होती. मुठीपर्यंत! त्याने ओरडत वळून एका हाताने तुमचा गळा धरला, बाकावर आडवं केलं, दुसऱ्या हातात पटाशी वर. आणि ह्यांनी बाकावरची मोगरी उचलून त्याच्या डाव्या कोपरावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यावर ऐकू गेला म्हणे.

एवढ्यावर थांबले असते तर मी काही म्हटलं नसतं. बहिणीचा जीव वाचवला. पण हे थांबलेच नाहीत. तो खाली पडला, तरी त्याच हातावर घाव घालत राहिले. सुतारबाईंनी मागून मिठी घालून ओढलं, तर त्यांनाही झिडकारलं. ज्या माणसाने घरात झुरळ मारायला मला हाक मारली, तो हा माणूस!

मग ह्यांनी तुम्हाला सांगितलं, "जा." आणि तुम्ही गेलात. कात्रीसुद्धा त्याच्या खांद्यात सोडून गेलात.

मला तुमच्या लेकाचं दुःख आहे. मी त्याला डबे भरून दिलेत. पण माझा नवरा मला परत द्या.

तुमची भावजय


१२ मार्च

ताई,

मी घरी आलो. भावजयीने तुला लिहिलेलं मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, एवढं बोलायचा तिला हक्क आहे.

डावऱ्याने तक्रार केली नाही. पोलिसांनी दवाखान्यात तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी तो म्हणाला, भांडण झालं, कात्रीवर पडलो, मोगरी अंगावर पडली. साहेबांना काही खरं वाटलं नाही. पण तक्रार नाही आणि वर्गातलं कुणी साक्षीला तयार नाही म्हटल्यावर ते तरी काय करणार. मला वाटलं त्याने मला सोडलं. तसं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा तो सरळ म्हणाला, "तुमच्यासाठी नाही केलं काका. एकदा आत जाऊन आलेला माणूस जिथे असतो तिथे भांडण झालं की आधी त्यालाच आत टाकतात, मग काय झालं ते विचारतात. मला परत जायचं नाही."

खांद्याची जखम भरते आहे, कात्री हाडाला लागून थांबली. हात मात्र गेला. कोपरात पट्ट्या घातल्यात, पण डॉक्टर म्हणतात, सरळ होणार नाही आणि पकड येणार नाही. डावा हात, ताई. त्याचा कामाचा हात. त्याचा भाऊ खाटेच्या कडेला बसून होता. त्याने तोंड फिरवलं. आंधळी बाजू माझ्याकडे केली, म्हणजे मी दिसायला नको.

गाळ्यात पुन्हा गेलो होतो, सामान आणायला. सुतारबाईंनी माझं अर्धवट स्टूल आणि पेटी दाराबाहेर आणून ठेवली होती. म्हणाल्या, "माझ्याकडे लोकांची बोटं कापली गेली, नखं गेली. सगळं चुकून. मुद्दाम कुणी मारलं नव्हतं कुणाला. वर्ग बंद केलाय मी. मला मोगरी हातात धरवत नाही तुमच्यामुळे." मी मान खाली घालून पेटी उचलली.

तुला एक सांगायचंय, ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. पहिला घाव मी तुझ्यासाठी घातला. तुझा चेहरा निळा पडत होता, पटाशी वर होती. तो घाव मी उद्या पुन्हा घालीन, झोपेतून उठवून विचारलंस तरी घालीन. पण पुढचे कुणासाठी होते? आपल्या पोरासाठी म्हणावं तर पोराची आठवणही तेव्हा डोक्यात नव्हती. मला ते बरं वाटत होतं, ताई. हाडाचा आत चुरा होतोय हे हाताला कळत होतं आणि बरं वाटत होतं. आता भाजी चिरायला सुरी घेतली तरी भावजय माझ्या हाताकडे बघते.

तो पहिला घाव आहे म्हणून मी आरशात बघू शकतो. तेवढा एक माझा.

तुझा गळा कसा आहे? लिही.

धाकटा


२ एप्रिल

धाकट्या,

गळा बरा आहे. आवाज अजून घोगरा येतो. गिऱ्हाईकांना सर्दी म्हणून सांगते.

तू विचारलंस, हो की नाही. हो. चेन होती. ती चेन आमच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असायची. ती कशासाठी आहे हे मला माहीत होतं. लोक माझ्या दाराशी येऊन सांगून जायचे, तुमच्या पोराने याला मारलं, त्याचं डोकं फोडलं. एकदा मी ती चेन फेकून दिली. तेव्हा त्याने मला भिंतीवर आपटलं आणि दुसरी आणली. तुला कसं सांगणार? तू येताना त्याच्यासाठी शर्ट आणायचास. तो तुझ्या पाया पडायचा. मामासमोर तो दुसरा व्हायचा, आणि मला वाटायचं, निदान एका माणसासमोर तरी तो तसा राहू दे.

भावजय म्हणते तिला माझ्या लेकाचं दुःख आहे. नाही, तिला माझं दुःख आहे. त्याचं दुःख कुणालाच नाही. चांगलं पोर गेलं की सगळी गल्ली रडते. वाईट पोरासाठी आई एकटीच उरते, आणि ती एकटी रडली की लोक म्हणतात, बरं झालं, सुटली. मी रडले नाही. मी ठरवलं, कुणीतरी त्याच्यासाठी काहीतरी करायलाच हवं. म्हणून कात्री घेतली.

आता जे लिहिते ते लिहिणार नव्हते. मरेपर्यंत पोटात ठेवणार होते. पण तू लिहिलंस, तो पहिला घाव आहे म्हणून तू आरशात बघतोस. तुझ्या त्या ओळीने माझी झोप गेली.

त्याने माझा गळा धरला तेव्हा त्याला दिसतच नव्हतं कोण आहे ते. जनावरासारखा धरला. माझे पाय सुटले. मग त्याने माझं तोंड बघितलं. धाकट्या, त्याने ओळखलं मला. कोर्टात मी त्याच्या पाठीकडे बघायचे, तसा तो कधीतरी वळून माझ्याकडे बघत असेल. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते कळलं नाही. पण बोटं सुटली. एकेक करून सुटली, मला श्वास आला. आणि त्याने पटाशी टाकली. फरशीवर पडल्याचा आवाज मी ऐकला.

त्याच्या खांद्यावरून मला तू दिसलास. मोगरी वर होती, खाली यायची होती. हे सगळं तू मोगरी घ्यायला वळलास तेवढ्यात झालं, आणि आता तुझ्या बाजूने त्याचे पंजे दिसत नव्हते, नुसती पाठ दिसत होती. मला आवाज होता. "थांब" म्हणण्याएवढा श्वास आला होता.

मी म्हटलं नाही.

तू माझ्यासाठी घाव घातलास असं समजतोस. मी तुझा हात वापरला. तुझ्याकडून पत्रात मागितलं ते तू दिलं नाहीस, म्हणून तिथे घेतलं. आणि मोगरी त्याच्या कोपरावर बसली तेव्हा तुझ्यासारखंच मलाही बरं वाटलं. बसमध्ये बसेपर्यंत बरं वाटत होतं. नंतर नाही.

तुला आता माझं तोंड बघायचं नसेल, तर बघू नकोस.

ताई


१० एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून मी फाडलं. मग तुकडे गोळा करून पुन्हा वाचलं. तुला शिव्या देणारं एक लांबलचक पत्र लिहिलं, तेही फाडलं. भावजयीने विचारलं, काय झालं. मी तिला सगळं सांगितलं. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

मग मी डावऱ्याकडे गेलो. गोदामामागच्या खोलीत. दार त्याच्या भावाने उघडलं आणि मला बघून लावायला लागला. मी पाय मध्ये घातला. आतून डावऱ्या म्हणाला, "येऊ दे." तो उजव्या हाताने कणीक मळत होता, डावा हात गळ्यात बांधलेला. मी उभ्या उभ्या विचारलं, "तू तिला सोडलं होतंस का? मी मारलं त्याच्या आधी?"

तो मळत राहिला. म्हणाला, "हो."

"पटाशी?"

"टाकली होती."

"मग बोलला का नाहीस? मी दवाखान्यात आलो, तुझ्यासमोर बसलो, तेव्हा का नाही बोललास?"

त्याने हात थांबवला. "काका, पंपावर तुमचा भाचा मागे झाला होता, तेही मी पाहिलं होतं. माझ्या हाताला ऐकू आलं नाही. तुमच्या हाताला आलं असतं का?"

त्याचा भाऊ ओरडायला लागला, निघा म्हणून. माझ्या दंडाला धरून ढकललं. मी भिंतीवर आपटलो, खांदा सोलला. डावऱ्या त्याला नको म्हणाला नाही. मी उलट हात उचलला नाही. उचलावासा वाटला, हे मात्र खरं. मुठी दाराबाहेर आल्यावरच सुटल्या.

आता आरशात बघतो ते दाढीपुरतं.

तू लिहिलंस, तोंड बघू नकोस. ताई, या जगात आता माझं हे तोंड ओळखणारी तूच एक आहेस. तुझंही ओळखणारा मीच. कुणी कुणाला टाकायचं?

मी तुला माफ केलेलं नाही. त्याने आपल्याला केलेलं नाही, आणि करणारही नाही. तरी तू ये. भावजय म्हणते, वन्संना म्हणावं थेट घरी या. तू ये आणि त्याच्यासमोर तुझ्या तोंडाने सांग की त्याने सोडलं होतं, तू बघितलंस, आणि गप्प बसलीस. त्याच्या भावासमोर सांग. तो तुला मारेल कदाचित. मी शेजारी उभा राहीन, आणि हात खिशात ठेवीन.

धाकटा